बाळंतज्वर आणि धुतलेले हात



चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "तुम्ही काहीतरी इतिहासाचे लिहा" असे सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण अवघे सातवी. राजेरजवाडे, गडकिल्ले यांवर लिहिणाऱ्या माझ्याहून जाणत्या भगिनी मंडळात आहेत. पण माझी पुतणी नर्सिंग शिकते. ती संध्याकाळी माझ्याजवळ बसून आपल्या पुस्तकांतले वाचून दाखवते, आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते. त्यातूनच बाळंतपणाच्या तापाचा हा इतिहास मला कळला, आणि त्यावर लिहावे असे मनाने घेतले. विषय थोडा संकोचाचा आहे. पण आपण सगळ्या बाळंतपणातून गेलेल्या बाया, आणि स्मरणिका घरोघर जाते, तर पुरुषमंडळींनीही हे वाचले तर बिघडणार नाही.

माझ्या आईची आई १९३१ साली जन्मली. तिच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी तिच्या आईला हीव भरून ताप आला, पोट फुगले, आणि नवव्या दिवशी ती गेली. घरात कोणी म्हणाले, बाधा झाली. कोणी म्हणाले, दूध अंगात भिनले. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून दोष ठेवला तो नऊ दिवसांच्या पोरीवर. "आईच्या मुळावर आली" हे शब्द आजीने लहानपणापासून ऐकले. सावत्र आईकडून ऐकले, आत्याकडून ऐकले, लग्न ठरताना मुलाकडच्यांकडूनही ऐकले. ती आम्हांला हे सांगे तेव्हा तिच्या बोलण्यात राग नसे. खरे असेल, असेच तिला वाटे.

बाळंतज्वराला दोष देण्याची ही रीत केवळ आपल्या खेड्यातली असेल असे मला वाटत होते. पण तसे नाही. १७४६ साली पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींची साथ आली. मेलेल्या बायांची पोटे वैद्यांनी उघडून पाहिली, तर आत पांढरट, दह्यासारखे काहीतरी दिसले. तो होता पू. पण त्या विद्वानांना वाटले, हे दूधच आहे. छातीकडे जायचे ते वाट चुकून पोटात उतरले आणि नासले! म्हणजे आमच्या गावातली "दूध अंगात भिनले" म्हणणारी म्हातारी आणि पॅरिसचे वैद्य यांत फारसे अंतर नव्हते.

पन्नास वर्षांनी लंडनमध्ये मेरी वुलस्टोनक्राफ्ट या बाईंचे बाळंतपण झाले. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ साली पुस्तक लिहिणाऱ्या त्या याच. ३० ऑगस्ट १७९७ रोजी त्यांना मुलगी झाली, पण वार पडेना. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी हाताने तुकडे तुकडे करून वार काढली. पुढे थंडी वाजून ताप चढला, तेव्हा बाळाला त्यांच्यापासून तोडले आणि छातीतले दूध ओढून घेण्यासाठी कुत्र्याची पिल्ले लावली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. १० सप्टेंबरला त्या गेल्या. वार काढणारे हात धुतलेले होते की नव्हते, हे विचारण्याचे त्या काळी कोणाला सुचलेही नसेल.

तसे म्हटले तर एकाला ते सुचले होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन गावी अलेक्झांडर गॉर्डन नावाचे डॉक्टर होते. तेथे १७८९ ते १७९२ अशी तीन वर्षे बाळंतज्वराची साथ चालू होती. गॉर्डनसाहेबांनी एक साधी गोष्ट केली. कोणती बाई आजारी पडली आणि तिचे बाळंतपण कोणत्या सुईणीने केले, याची यादी ठेवली. आजारी बाया ७७, त्यांतल्या २८ दगावल्या. यादी मांडल्यावर दिसले की काही सुईणींच्या हातची बाई हमखास तापाने पडते, आणि काहींच्या हातची एकही पडत नाही. रोग हवेतून येत नव्हता, माणसाबरोबर घरोघर जात होता. १७९५ साली त्यांनी पुस्तक छापले. त्यात सुईणींची नावे दिली, आणि आपण स्वतःही कित्येक बायांना हा रोग नेऊन दिला अशी कबुलीही दिली. हात नीट धुवा, कपड्यांना धुरी द्या, असे सांगितले. (रक्त काढण्याचा उपायही त्यांनी सांगितला होता, तो मात्र चुकीचाच.) गाव त्यांच्यावर इतके उलटले की त्यांना ते सोडावे लागले. पुढे चारच वर्षांनी, १७९९ साली ते क्षयाने वारले.

आता येते ती व्हिएन्ना शहराची गोष्ट. तिच्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला.

व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात फार मोठे प्रसूतिगृह होते. तेथे येणाऱ्या बहुतेक बाया गरीब, पुष्कळशा लग्नाशिवाय दिवस गेलेल्या. बाळंतपण फुकट होई आणि मूल अनाथगृहात ठेवून घेत. त्याच्या बदल्यात विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी आपले शरीर तपासू द्यायचे, असा सौदा. प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या विभागात सुईणी शिकत. एक दिवस येणाऱ्या बाया पहिल्यात, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या दुसऱ्यात. इमारत एक, जेवण एक, हवा एक. पण १८४१ ते १८४६ या सहा वर्षांचा हिशेब काढला, तर पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे १० बाया मरत आणि दुसऱ्यात ४ सुद्धा नाहीत.

हा हिशेब डॉक्टरांच्या वहीत होता. पण वही न वाचताच शहरातल्या बायांना तो ठाऊक होता. पहिल्या विभागाच्या दिवशी आलो असे कळताच त्या गुडघे टेकून, हात जोडून रडत, "आम्हांला तिकडे नेऊ नका" म्हणत. कित्येकींचे रस्त्यातच बाळंतपण होई, आणि गंमत अशी की त्या रस्त्यात मोकळ्या झालेल्या बाया बहुधा वाचत.

१८४६ साली तेथे इग्नाझ सेमेलवाईस हे हंगेरीचे तरुण डॉक्टर साहाय्यक म्हणून रुजू झाले. वय अठ्ठावीस. या दोन विभागांतल्या फरकाने त्यांची झोप उडाली. मोठमोठे लोक कारणे देत होते. हवा वाईट आहे. गर्दी फार आहे. बायांना पुरुषांची लाज वाटते, त्या भितात, म्हणून ताप येतो. सेमेलवाईस एकेक कारण पडताळून पाहू लागले. हवा तर दोन्हीकडे तीच. गर्दी उलट दुसऱ्या विभागात जास्त. सुईणींकडे बाया कुशीवर बाळंत होत, म्हणून त्यांनी पहिल्या विभागातही तसे करून पाहिले. फरक पडला नाही. मरणाऱ्या बाईजवळ पाद्री घंटा वाजवत जाई, त्या आवाजाने इतर बाया घाबरत असतील म्हणून त्याला आडवाटेने आणि घंटा न वाजवता यायला सांगितले. तरी फरक पडला नाही.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेत्श्का वारले. प्रेत चिरताना विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले आणि त्यातून सर्वांगात विष भिनले. त्यांच्या शवाची तपासणी झाली तिचा वृत्तान्त सेमेलवाईसांनी वाचला, तर जे बाळंतिणींच्या शरीरात दिसे तेच येथेही! हा पुरुष, हा तर बाळंत झाला नव्हता. येथे ना दुधाचा संबंध, ना लाजेचा. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सकाळी आपण आणि आपले विद्यार्थी प्रेते चिरतो, आणि त्याच हातांनी येऊन बायांना तपासतो. सुईणी प्रेतांना शिवत नाहीत. हात साबणाने धुतले तरी त्यांना प्रेताचा वास राहतोच.

त्यांनी पुढे जुन्या वह्याही काढून पाहिल्या. त्या आधीचे मुख्य डॉक्टर बोएर प्रेतावर शिकवीत नसत. १८२२ साली त्यांच्या काळात शंभरात एकही बाई पुरती मरत नव्हती. ते गेले, नवे मुख्य क्लाईन आले, प्रेतावर शिकवणे सुरू झाले, आणि १८२३ साली तो आकडा सातावर गेला.

मे १८४७ च्या मध्याला सेमेलवाईसांनी दाराशी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याचे भांडे ठेवले. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना, त्याच जातीची ही वस्तू. बाईला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने वास जाईपर्यंत त्यात हात धुवायचे, असा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाया मेल्या होत्या. जूनमध्ये २ आणि जुलैमध्ये १ वर आकडा आला. १८४८ सालात मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही बाई दगावली नाही.

मध्ये एक घटना घडली तीही सांगते. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून झाल्यावर डॉक्टर फक्त साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले. त्या बारा बायांपैकी अकरा मेल्या. तेव्हा कळले की विष केवळ प्रेताचे नसते, जिवंत माणसाच्या सडलेल्या जखमेचेही असते, आणि म्हणून प्रत्येक बाईनंतर हात धुवायला हवेत. इतक्या बायांचे जीव जाऊन हे एक वाक्य शिकता आले.

आता कोणालाही वाटेल की या माणसाला डोक्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. त्याचे म्हणणे मान्य करायचे म्हणजे प्रत्येक डॉक्टरने स्वतःशी म्हणायचे की इतकी वर्षे मीच बाया मारल्या. सेमेलवाईसांनी स्वतः ते कबूल केले होते. इतरांना ते जड गेले. १८४९ साली त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. ते रागावून आपल्या पेस्ट शहरी निघून गेले. तेथील सेंट रोखुस रुग्णालयात त्यांच्या हाताखाली सहा वर्षांत ९३३ बाळंतपणे झाली, त्यांत तापाने आठच बाया गेल्या. पुढे तेथल्याच विद्यापीठाच्या प्रसूतिगृहात पुन्हा ताप आला. शोध करता दिसले की चादरी धुण्याचा मक्ता फार स्वस्तात दिला होता, आणि रक्तापुवाने भरलेल्या चादरी "धुतल्या" म्हणून परत येत होत्या. डॉक्टरांनी त्या घाणेरड्या चादरी उचलल्या आणि थेट अधिकाऱ्यांसमोर नेऊन ठेवल्या. हे वाचून मला फार बरे वाटले. धुणे कोणी कसे धुतले यावर माणूस मरतो की जगतो, हे एका प्राध्यापकाला कळले होते.

त्यांचाही दोष होता, तो लपवू नये. त्यांनी आपले म्हणणे वेळेवर छापलेच नाही. मोठे पुस्तक आले ते १८६१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, आणि ते वाचवेना असे. विरोधकांना त्यांनी उघड पत्रे लिहून खुनी म्हटले. खरे बोलणे कसे बोलावे हे त्यांना साधले नाही. पण आपल्या डोळ्यांदेखत बाया मरत असताना गोड कसे बोलावे, हे तरी कोणी सांगावे? शेवटी त्यांचे मन बिघडले. जुलै १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले. तेथे रखवालदारांकडून मार बसला, जखम चिघळली, आणि १३ ऑगस्टला ते रक्तात विष होऊन वारले. म्हणजे ज्या रोगाशी जन्मभर झगडले त्याच जातीच्या रोगाने. वय सत्तेचाळीस. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये मिसेस बीटन गेल्या. घरसंसार आणि स्वयंपाक यांवरचे त्यांचे जाडजूड पुस्तक इंग्लंडच्या घराघरांत होते. चौथ्या मुलाच्या बाळंतपणानंतर आठच दिवसांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी, याच तापाने त्या गेल्या.

पुढचे भराभर सांगते. १८७९ साली पॅरिसच्या सभेत एक विद्वान बाळंतज्वराच्या कारणांवर व्याख्यान देत होते. तेव्हा लुई पाश्चर यांनी उठून फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून दाखवले आणि सांगितले, कारण हे आहे. दुसरे जंतू द्राक्षाच्या घडासारखे. ते १८८० च्या सुमारास गळवाच्या पुवात ॲलेक्झांडर ऑग्स्टन यांना सापडले, तेही गॉर्डनच्याच ॲबर्डीन गावी. बाळंतिणीच्या छातीत जे गळू होते ते बहुधा या घडवाल्यांचे काम. १९३५ साली जर्मनीच्या गेरहार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या तांबड्या औषधाचा शोध जाहीर केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हातात सुई घुसून हात कापायची पाळी आली होती, तो या औषधाने वाचला. १९३६ मध्ये लंडनला लेनर्ड कोलब्रुक यांनी ते बाळंतज्वराच्या ६४ बायांना दिले, त्यांतल्या तिघीच गेल्या. एरवी त्या रुग्णालयात चारांतली एक जाई. मग पेनिसिलिन आले.

१९३१ आणि १९३५. माझ्या पणजीला चार वर्षे कमी पडली. आणि औषध निघाले तरी ते आमच्या खेड्यात पोचायला आणखी किती लागली असती, कोण जाणे.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतेच असे मात्र नाही. सुश्रुतांच्या ग्रंथात बाळंतिणीजवळ कोणी असावे ते सांगितले आहे. वयाने पोक्त, बाळंतपणात कुशल, आणि नखे कापलेल्या चार स्त्रिया. नखे कापलेल्या! इतके बारीक सांगूनही पुढे काय झाले, तर कोंदट खोली, जुनेराच्या चिंध्या आणि सुईणीचे राखेने पुसलेले हात. आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहाच दिवसांत गेले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. डॉक्टर होण्याची जिद्द तेथून धरली, आणि १८८६ साली अमेरिकेत एम. डी. झाल्या त्या हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. परत येऊन काम करायला मात्र त्या जगल्या नाहीत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या.

आता थोडे माझे. २००४ साली माझे पहिले बाळंतपण झाले. तिसऱ्या आठवड्यात उजव्या छातीला बोंडाशी चीर पडली, मग गाठ आली, लाल झाली, आणि थंडी वाजून ताप चढला. शेजारपाजारच्या साऱ्याजणींनी सांगितले, त्या बाजूचे दूध नासले, बाळाला पाजू नकोस. मी आठ दिवस पाजले नाही. गरम विटेने शेकले, एका बाईंनी दाबून दाबून गाठ मोडायचा प्रयत्न केला, त्याने मी किंचाळले. शेवटी पू झाला आणि चिरावे लागले. तो व्रण अजून आहे. कोणाला दोष देत नाही, सगळ्यांनी मायेनेच सांगितले होते.

पुतणीने मला सांगितले ते असे. दूध नासलेले नसते. ते साकळून राहते, नळ्या सुजतात, आणि चिरेतून जंतू आत गेले की ताप येतो. बाळाला पाजत राहावे, ते त्याला बाधत नाही. जोराने चोळू अथवा दाबू नये. गार पाण्याची घडी ठेवली की सूज उतरते. एक दिवसात उतार पडला नाही, किंवा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जावे. वेळेवर औषध घेतले तर गळू होतच नाही, आणि झाले तरी आता पुष्कळदा सुईने पू ओढून काढतात, चिरावे लागत नाही. आणि बाळंतपणापासून दीड महिन्याच्या आत ताप, ओटीपोटात दुखणे, घाण वासाचे जाणे, टाके सुजणे, छातीत धडधड यांतले काही झाले, तर "बाळंतिणीला होतेच" म्हणून घरात ठेवायचे नाही, त्याच दिवशी दाखवायचे. हा रोग संपलेला नाही. २०२३ साली सात देशांतल्या २९ हजारांवर बायांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात आपल्या नागपूर आणि बेळगावकडच्या बायाही होत्या. कळा चालू असताना ॲझिथ्रोमायसिन या औषधाची एकच मात्रा दिली, तर रक्तात विष होण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने उतरले. अर्थात ते डॉक्टरांनी द्यायचे औषध आहे, दुकानातून आणून घ्यायचे नव्हे.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत बाळंतीण घरी आली, तेव्हा मी बारशाला जाताना साबणाची वडी नेली आणि आत शिरण्याआधी नळावर हात धुतले. दोघीजणी हसल्या. मी म्हटले, हसा, पण तुम्हीही धुवा. त्यांनी धुतले.

आजी २०१२ साली गेली. पुतणी तेव्हा शाळेत होती, आणि मला यातले काही ठाऊक नव्हते. आईची तिथी आजी न चुकता पाळी, त्या दिवशी पाणीसुद्धा दुपारनंतर घेई. त्या तिथीच्या नऊ दिवस आधी तिचा स्वतःचा जन्मदिवस येई. तो तिने आमच्या घरात कधी करू दिला नाही.